कडूबाई आणि जांभूळ

कडूबाईच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती, म्हणून आजीनं तिसरीचं नाव कडू ठेवलं. मरणाला तिची गोडी लागू नये, एवढाच हेतू. नाव कामी आलं म्हणायचं. पाथर्डीच्या डोंगराकडची ही बाई नवऱ्याबरोबर ऊसतोडीला म्हणून गोदावरीकाठी आली आणि तिथलीच झाली. नवरा अजिनाथ साखर कारखान्यात उसाच्या गव्हाणीवर लागला आणि ती तालुक्याच्या गावातल्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात. बावीस वर्षं तिनं तिथली फरशी पुसली. त्यातली शेवटची सहा डायलिसिस विभागात.

डायलिसिसची खोली म्हणजे तिचा देव्हारा. आठ खुर्च्या, आठ मशीन, आणि रक्ताचं काम. जंतुनाशकाचं पाणी किती घ्यायचं हे मरिया सिस्टरनं तिला एकदाच सांगितलं, पुन्हा सांगावं लागलं नाही. कुणी चप्पल घालून उंबरा ओलांडला की कडूबाई बोलायची नाही, नुसती त्याच्या पायाकडं बघायची. माणूस आपोआप मागं सरायचा. एकदा ट्रस्टचे एक मोठे पाहुणे बुटासकट आत शिरले, तेव्हाही ती तशीच बघत राहिली. शेवटी पाहुणे हातात बूट घेऊन खोली बघत फिरले.

अशा त्या दारात एका सोमवारी सकाळी कुत्रं उभं राहिलं.

काळंभोर, गुडघ्याच्या वरपर्यंत उंच. पाठीवर पट्टा, पट्ट्याला कडक मूठ, आणि ती मूठ धरून तिशीतली एक बाई. डोळ्यांवर गडद चष्मा, खांद्याला झोळी.

कडूबाईच्या हातातली बादली खाली आली ती आदळूनच. "सिस्टर! अवो सिस्टर, कुत्रं! कुत्रं घुसलं!"

"मावशी, त्याला हाकलू नका," ती बाई शांतपणे म्हणाली. "तो कामावर आहे. तो बाजूला झाला तर मला दार सापडायचं नाही."

कडूबाईला काही ऐकूच आलं नाही. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली होती. मरिया सिस्टर धावत आली, तिच्यामागून डॉक्टर अश्विनी मॅडम. तेव्हा कळलं ते असं. बाईंचं नाव पंकजा. पुणतांब्याच्या बाजूच्या एका हायस्कूलात मराठी शिकवतात. लहानपणापासून साखर, तिनं चोविसाव्या वर्षी डोळे नेले आणि आता मूत्रपिंडं. आजवर डायलिसिसला नगरला जात होत्या, आता इथं जवळ एक खुर्ची रिकामी झाली म्हणून इथं. कुत्रा शिकवून तयार केलेला. रस्ता, पायरी, खड्डा, येणारी गाडी, सगळं तो बघतो आणि थांबतो. नाव जांभूळ.

"डोळे गेले तरी जांभळाचा रंग माझ्या लक्षात आहे," पंकजाबाई म्हणाल्या. "भाऊ म्हणाला, अगदी तसाच आहे. म्हणून ते नाव."

अश्विनी मॅडमनी ट्रस्टच्या ऑफिसात फोन लावला. ऑफिसनं दुसरीकडं लावला. माणसाच्या नियमांच्या फायली होत्या, असल्या कुत्र्याचं कुठंच काही लिहिलेलं नव्हतं. शेवटी ठरलं की समितीची बैठक होईपर्यंत कुत्रा मागच्या सायकल स्टँडवर पत्र्याखाली बांधायचा आणि रखवालदारानं लक्ष ठेवायचं. पंकजाबाईंना ते पसंत नव्हतं. पण मशीनची वेळ निघून चालली होती. त्यांनी जांभळाच्या पाठीवरचा पट्टा काढून घेतला, कारण पट्टा असेपर्यंत तो स्वतःला कामावर समजे आणि बसून राहायला तयार होत नसे. गळ्यात साधी कातडी वादी राहिली. मरिया सिस्टरच्या खांद्यावर हात ठेवून बाई आत गेल्या.

तीन आठवडे असंच चाललं. सोमवार आणि गुरुवार, चार-चार तास. कडूबाई मागच्या खिडकीच्या काचा पुसताना त्याच्याकडं बघायची. कुणी बिस्किट टाकलं तर हे कुत्रं खायचं नाही. मांजर समोरून गेलं तर कान हलवायचं, उठायचं नाही. एकदाही भुंकलं नाही. तिला त्याचीच जास्त धास्ती वाटायची. भुंकणारं कुत्रं निदान कळतं तरी. हे मुकं, मनात काय धरून बसलंय?

कारण तिला माहीत होतं कुत्रं काय करतं ते. चोवीस वर्षांपूर्वी, उसाच्या फडाजवळच्या पाचटाच्या कोपीबाहेर, तिची सात वर्षांची ज्ञानेश्वरी भाकरीचा तुकडा घेऊन बसली होती. कुत्र्यानं तुकडा नेला आणि मनगटाला दात लागला. जखम मुगाच्या दाण्याएवढी. तिखट भरलं, चुना लावला, फडक्यानं बांधलं आणि कडूबाई तोडीला गेली. जखम सुकली, सगळे विसरले. महिना उलटला आणि एका सकाळी पोर पाण्याचा तांब्या बघून किंचाळली. तिसऱ्या दिवशी गेली. शेवटपर्यंत तिला तहान होती. त्यानंतर अजिनाथ आणि कडूबाई त्या गोष्टीवर एकमेकांशी कधी बोलले नाहीत. घरात दोन मुलगे वाढले, लग्नं झाली, पण कुत्र्याचं नाव त्या घरात निघालं नाही.

चौथ्या आठवड्यात हॉस्पिटलच्या मागं भटकी कुत्री वाढली. खानावळीचं उष्टं तिथंच पडायचं. एक दिवस त्यातलं एक कुत्रं थेट बाळंतिणींच्या वॉर्डापर्यंत आलं आणि टोपलीतलं बँडेज ओढून घेऊन गेलं. कडूबाई झाडू घेऊन मागं पळाली, परत आली तेव्हा तिचा श्वास छातीत मावत नव्हता. कुत्री धरणाऱ्या ठेकेदाराच्या गाडीवर मोठ्या आकड्यांत नंबर लिहिलेला असायचा. तिनं तो केव्हाच मोबाईलमध्ये घालून ठेवला होता. त्या संध्याकाळी तिनं तो लावला.

"दवाखान्याच्या मागं लई कुत्री झालीत. कवा येता?"

"गुरुवारी येतो," पलीकडून उत्तर आलं.

गुरुवार. तिला एकदम आठवलं, गुरुवारी कोण तिथं बांधलेलं असतं. "सायकल स्टँडवर एक काळं हाय, ते सोडा," एवढं एक वाक्य बोलायचं होतं. ते तिच्या जिभेवर आलंही. तिनं फोन बंद केला.

गुरुवारी दुपारी जेवणाची वेळ झाली तशी रखवालदार डबा खायला गेला. आत आठही मशीन चालू होती. चौथ्या खुर्चीवर पंकजाबाई शेजारच्या आसाराम काकांना कसली तरी गमतीदार गोष्ट सांगत होत्या. कडूबाई खाली बसून खुर्च्यांचे पाय पुसत होती. मागं गाडी थांबल्याचा आवाज झाला. मग भुंकण्याचा एकच कल्ला, माणसांच्या हाका, लोखंडी दाराचा खणखणाट. तिचा फडक्याचा हात थांबला. उठावं, खिडकीत जावं, ओरडून सांगावं, एवढंच करायचं होतं. पंधरा पावलंही नव्हती. ती बसून राहिली. कल्ला कमी झाला, गाडी निघून गेली. तिनं पुन्हा फडकं पिळलं आणि तिसऱ्या खुर्चीचा पाय पुसला. पुसलेलाच पाय परत पुसला.

तासाभरानं पंकजाबाईंचं मशीन संपलं. सुयांच्या जागी कापूस दाबून त्या दहा मिनिटं बसल्या, झोळीतून पट्टा काढून हातात घेतला आणि सिस्टरबरोबर मागच्या दारी आल्या.

"जांभूळ."

रोज त्या हाकेबरोबर साखळी खुळखुळायची. आज काही नाही.

"जांभूळ? सिस्टर, झोपलाय का तो?"

पंकजाबाई हात पुढं करून चाचपडत खांबापाशी गेल्या. साखळी हाताला लागली. साखळीवरून बोटं सरकत सरकत शेवटापर्यंत गेली आणि उघड्या आकड्याशी थांबली. त्यांनी तो आकडा दोनदा, तीनदा चाचपला, जणू आपल्या बोटांवर त्यांचा विश्वास बसत नव्हता. आणि त्या एकदम खालीच बसल्या. डायलिसिसनंतर रक्तदाब उतरलेला असतोच, त्यात हा धक्का. ओठ पांढरे पडले. रडू नाही, ओरडणं नाही. नुसती एक गोष्ट त्या म्हणत राहिल्या, "तो जाणार नाही. सोडला तरी जाणार नाही. कुणी तरी नेलाय."

कडूबाई दारात उभी होती. बाईंच्या हाताकडं तिचं लक्ष गेलं. तो हात हवेत काहीतरी शोधत होता आणि त्याला काहीच लागत नव्हतं. पायरी पुढं होती का मागं, हेसुद्धा आता त्या बाईला ठाऊक नव्हतं. आपण कुत्रं घालवलं असं ती समजत होती. हे भलतंच काहीतरी झालं होतं.

"गाडी घेऊन गेली," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला. "मी आनते. कुटं नेत्यात ते मला ठाव हाय."

कुणी काही विचारायच्या आत तिनं बाईंच्या मांडीवरचा पट्टा उचलला आणि रस्त्यावर येऊन रिक्षा थांबवली.

गावाबाहेर कचरा डेपोच्या अलीकडं जाळीचे पिंजरे होते. रिक्षातून उतरण्याआधीच तो आवाज अंगावर आला. तीस-चाळीस कुत्री, एकमेकांच्या अंगावर जाणारी, जाळीला दात लावणारी. कडूबाई दांडा धरून रिक्षातच बसून राहिली. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, बऱ्या हाय ना?" तिनं मान हलवली, व्हय का न्हाई ते तिलाच कळलं नाही.

पिंजऱ्यांच्या राखणदारानं तिला शेवटच्या पिंजऱ्याकडं नेलं. पाच-सहा कुत्री पुढं गुरगुरत होती. मागं कोपऱ्यात, भिंतीला अंग चिकटवून, जांभूळ बसला होता. डावा कान फाटून लोंबत होता, मानेवरून रक्त ओघळलं होतं. तरी तो गप्प होता. त्याला धरलं, फासात ओढलं, चावे घेतले. त्यानं उलटून दात लावला असावा असं एकाही कुत्र्याच्या अंगावर दिसत नव्हतं. कडूबाई बघतच राहिली. ही कसली जात? मार खाऊनसुद्धा ते कुणाची तरी वाट बघत बसलं होतं.

राखणदारानं बाकीची कुत्री काठीनं पलीकडच्या खणात सारली आणि दार फटीएवढं उघडलं. "बोलवा. तुमचंच हाय ना?"

"जांभूळ," ती म्हणाली. "ए जांभूळ, चल."

तो हलला नाही. नुसते डोळे तिच्याकडं वळले.

"आत जाऊन धरा मग. मी न्हाई हात घालनार, बाई. रक्त आलेलं कुत्रं हाय."

कडूबाई आत जाऊ शकत नव्हती. तिनं मोबाईल काढला आणि मरिया सिस्टरला लावला. "सिस्टर, बाईंच्या हातात द्या. अन् मी ह्याचा आवाज मोठा करते." तिनं फोन दाराच्या फटीतून आत धरला. पलीकडून क्षणभर नुसता श्वास ऐकू आला. मग पंकजाबाईंचा आवाज, अगदी रोजचा, वर्गात हजेरी घेतात तसा.

"जांभूळ. ऊठ. ये."

तो उठला. पाय लंगडत होता. फोनपाशी आला, फोनला नाक लावलं, इकडंतिकडं बघितलं. मग त्याला कडूबाईच्या दुसऱ्या हातातला पट्टा दिसला. त्यानं मान खाली घातली आणि आपलं आपणच डोकं त्या पट्ट्यात सरकवलं.

त्याचा गरम श्वास तिच्या मनगटावर आला, रक्ताचा ओलावा बोटांना लागला. कडूबाईच्या घशातून एक आवाज निघाला. राखणदार नंतर म्हणाला की त्याला वाटलं बाईला कुत्रं चावलंच.

परत येताना तो रिक्षात तिच्या पायाशी बसला होता आणि खड्डा आला की अंग आखडत होता. तीही तशीच बसली होती.

हॉस्पिटलच्या दारात पंकजाबाईंनी दोन्ही हातांनी त्याचं सगळं अंग तपासलं. कानापाशी बोटं थांबली. जनावरांच्या डॉक्टरांना बोलावणं गेलं होतं. तेवढ्या वेळात कडूबाई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बाई, त्या गाडीला मीच फोन केल्ता."

मरिया सिस्टरचा हात तोंडावर गेला.

"याच्यासाठी?" पंकजाबाईंनी विचारलं.

"भटक्या कुत्र्यांसाठी. पर ह्यो बी तितंच असतो हे मला ठाव हुतं. अन् गाडी आली तवा मला ऐकू आलं."

"ऐकू आलं. आणि तुम्ही उठला नाहीत."

"न्हाई उठले."

"आज माझ्याशी काही बोलू नका, मावशी," पंकजाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता पहिल्यांदा कापत होता. "तुम्हीच आणलात हे मला माहीत आहे. तरी आज नको."

कडूबाईनं राजीनामा लिहून घ्यायला सांगितलं, पण अश्विनी मॅडमनी तो घेतला नाही. त्या म्हणाल्या, "चूक तुमची आहेच. पण त्याला मागं बांधायला मी सांगितलं होतं. माझा राजीनामा कोण घेणार?"

जांभळाच्या कानाला टाके पडले. सगळी इंजेक्शनं झाली. तीन आठवडे तो घरी होता आणि पंकजाबाई भावाचा दंड धरून यायच्या, बऱ्याचदा उशिरा, कारण भावाला सुट्टी मिळायची नाही. एका गुरुवारी त्या आल्याच नाहीत आणि शनिवारी अंगावर सूज, श्वास लागलेला, अशा त्यांना आणावं लागलं. आसाराम काका ते ऐकून खवळले. "त्या कुत्र्याला आत बसू द्यायला तुमचं काय जातंय?" तेच काका, ज्यांनी पहिल्या दिवशी कुत्र्याच्या नावानं देवाचा धावा केला होता.

त्यानंतर कुठं बैठक भरली. एक सभासद म्हणाले, उद्या कुणी म्हैस घेऊन येईल. अश्विनी मॅडम म्हणाल्या, म्हैस रस्ता ओलांडून देत असेल तर विचार करू. त्यांनी स्वतः कागद लिहून आणला होता. मागच्या दाराजवळची पहिली खुर्ची पंकजाबाईंची. तिथं कुत्र्यासाठी वेगळी चटई, रोज धुतलेली. सुया टोचताना आणि काढताना त्यानं दाराबाहेरच्या छोट्या खोलीत थांबायचं. ऑपरेशनच्या खोलीत आणि अतिदक्षतेत त्याला प्रवेश नाही. लशींचा दाखला फायलीला. कुणी हात लावायचा नाही, खायला घालायचं नाही. ज्याला कुत्र्याची भीती असेल त्याला दुसरी वेळ द्यायची. आणि मधे एकदा त्याला बाहेर फिरवून आणायला एक माणूस.

"कोण?" ऑफिसच्या माणसानं डायलिसिसच्या खोलीत येऊन विचारलं.

कुणी तयार होईना. कडूबाई म्हणाली, "मी जाते." आणि पंकजाबाई खुर्चीतून म्हणाल्या, "चालेल."

तेवढंच. त्यांच्यात समेट वगैरे झाला नाही. पहिले काही दिवस पंकजाबाई फक्त कामापुरतं बोलायच्या: साखळी डाव्या हातात धरा, ओढू नका, त्याला सायकल स्टँडकडं नेऊ नका, तो तिथं खाली बसतो आणि उठत नाही. कडूबाई त्याला पुढच्या बागेत न्यायची. हातभर साखळी सोडून, मान वळवून. परत आल्यावर कोपरापर्यंत हात धुवायची.

एक दिवस मशीन चालू असताना पंकजाबाईंनी विचारलं, "मावशी, तुमच्याबरोबर ऊसतोडीला आलेल्या एका बाईकडून सिस्टरला तुमच्या मुलीचं कळलं, तिनं मला सांगितलं. तुम्ही त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

कडूबाई चटई सरळ करत होती. "ती काय माझ्या गुन्ह्याची साक्षीदार हाय व्हय, बाई? तिला कशाला मधी वढू?"

पंकजाबाईंनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि पुन्हा चढवला. "माझा राग गेलेला नाही," त्या म्हणाल्या. "केवढी होती?"

"सात वर्साची. लई बडबडी." आणि कडूबाई त्या स्टुलावर बसून, चोवीस वर्षांत पहिल्यांदा, ज्ञानेश्वरीबद्दल बोलायला लागली. तिला उसाच्या कांडीपेक्षा शेंड्याचं हिरवं वाढं चघळायला आवडायचं, ती मोजताना अकरा नेहमी गाळायची, असलं काहीबाही. मशीन संपल्याची घंटा वाजली तरी दोघींना कळलं नाही.

घरी मात्र तिनं यातलं काहीच सांगितलं नव्हतं. अजिनाथला ते कळलं ते तिच्या लुगड्याला लागलेल्या काळ्या केसांवरून. त्यातला एक चिमटीत धरून त्यानं उजेडाकडं नेला. "हे काय?" तिनं सांगितलं. तो जेवायचं ताट तसंच ठेवून बाहेर जाऊन बसला. दोन दिवस बोलला नाही.

पुढच्या सोमवारी दुपारी तो हॉस्पिटलच्या फाटकापाशी उभा होता. पंकजाबाई निघाल्या होत्या. जांभूळ पुढं, फाटका कान, लंगडणं जवळजवळ गेलेलं. पायरीपाशी तो थांबला, बाईंनी पाऊल चाचपलं, मग दोघं उतरले. रिक्षाच्या दाराशी तो पुन्हा थांबला. अजिनाथ चांगला दहा पावलं लांब होता, आणि तिथूनही त्यानं एक पाऊल मागं घेतलं.

कडूबाई त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"चावत न्हाई?" त्यानं विचारलं.

"न्हाई."

"कुनालाच?"

"कुनालाच न्हाई."

रिक्षा निघाली, वळणावर दिसेनाशी झाली. अजिनाथनं टोपी काढली, कपाळावरचा घाम पुसला आणि कारखान्याच्या रस्त्याला लागला. कडूबाईनं त्याला थांबवलं नाही. आसाराम काकांचं मशीन संपत आलं होतं आणि पहिल्या खुर्चीखालची चटई अजून धुवायची होती.